पुठ्ठ्याची माणसं?

आज ठाण्याला नौपाड्यात एका साहित्यिक कार्यक्रमाला गेले होते. व्यासपीठावरून एक गृहस्थ म्हणाले, जयंत नारळीकर शास्त्रज्ञ म्हणून थोर, पण त्यांच्या विज्ञानकथांमधली माणसं पुठ्ठ्याची, शाळकरी मुलांचं वाचन. समोरची मंडळी माना डोलवतायत! मी चहासुद्धा न घेता उठले. अजून डोकं तापलेलंच आहे.

१९८६ साली हॅलेचा धूमकेतू येणार म्हणून माझ्या आईने धसका घेतला होता. शेपटीवाला तारा, घरावर काहीतरी येणार. कोपिनेश्वराला नारळ बोलून झाला होता. बाबा वागळे इस्टेटला फिटर, वाद घालणं त्यांना जमायचंच नाही. त्यांनी ग्रंथसंग्रहालयातून नारळीकरांचं पुस्तक आणलं आणि रात्री त्यातली 'धूमकेतू' ही कथा मोठ्याने वाचायला घेतली. आई तांदूळ निवडत होती. आदळायला निघालेला धूमकेतू शास्त्रज्ञ वळवतात, आणि तो शोधणाऱ्या माणसाची बायको म्हणते की आपल्या यज्ञामुळे टळला. तिथे आईचा हात सुपातच थांबला. म्हणाली, "तिचं तरी काय चुकलं? घरात नातू आहे तिच्या."

पुठ्ठ्याच्या बाईची बाजू घेतं का हो कुणी?

आणि 'उजव्या सोंडेचा गणपती'! वस्तूचं डावं-उजवं आरशातल्यासारखं उलटण्याची ती अवघड कल्पना त्यांनी कुठे आणून ठेवली? गणपतीच्या मूर्तीत. उजव्या सोंडेचं सोवळं किती कडक, हे ज्या घराला ठाऊक आहे, त्याच घराला तो धक्का बसतो. ही लेखकाची नजर आहे, नुसत्या शास्त्रज्ञाला ती नसते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. बक्षीस मिळालं ते कथेला, नावाला नाही.

हो, संवाद कधीकधी तासाला बसल्यासारखे होतात, मान्य. बायका बऱ्याचदा चहापुरत्या येतात, तेही मान्य. पण म्हणून सगळंच मोडीत काढायचं?

राग निवळला थोडा. आईच आठवतेय. पुढे एका पहाटे बाबांनी आम्हाला गच्चीवर नेलं. आई येणार नव्हती. आम्ही वर पोचलो, आणि पाठोपाठ तीही आली, पदर डोक्यावरून घट्ट घेऊन. खाडीच्या बाजूला बाबा बोट दाखवत होते. मला काही दिसलं नाही. आईने बराच वेळ पाहिलं, मग बाबांना विचारलं, "परत कधी येणार म्हणालात?"