आर्ट्सच्या विषयांची उतरंड कंपन्यांनी लावलेली नाही

बारावीचा निकाल लागला की व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच असतं: कंपन्यांच्या नजरेत आर्ट्सच्या पदव्यांची उतरंड ठरलेली आहे. वर सायकॉलॉजी आणि इकॉनॉमिक्स, त्यांना लगेच नोकरी. तळाला मराठी, संस्कृत, इतिहास, तत्त्वज्ञान, म्हणजे तीन वर्षं वाया. पुढे असंही जोडलेलं असतं की बीएचा सीव्ही कंपनीचं सॉफ्टवेअरच बाजूला काढतं आणि लिहिण्याचं काम आता एआय करणार. शेवटची ओळ ठरलेली: 'मुलगी असेल तर आर्ट्स चालेल.'

मी मुंबईत कंपन्यांसाठी भरतीचं काम करते. अंधेरी, मालाड, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), ऐरोली इथल्या ऑफिसांतल्या जागांचे जेडी, म्हणजे कामाचं स्वरूप आणि पात्रता सांगणारे कागद, माझ्याकडे येतात आणि त्यांच्यासाठी मी सीव्ही चाळते. हा संदेश वाचून घराघरांत मुलांचे विषय बदलले जातात आणि त्यातलीच काही मुलं पुढे माझ्यासमोर मुलाखतीला बसतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सॉफ्टवेअरचा मुद्दा आधी घेते, कारण त्यात अर्धं सत्य आहे. भरतीच्या पोर्टलवर पदवीचा फिल्टर लागतो. अकाउंट्सच्या जागेला बीकॉम, कोडिंगच्या जागेला बीई असं टिचकवलं जातं आणि बीए त्यात येत नाही, हे खरं. पण तो फिल्टर पदवी बघतो. बीए मराठीत केलं की सायकॉलॉजीत, हे त्याला बहुतेक वेळा कळतही नाही. म्हणजे संदेशातला हा मुद्दा मान्य केला, तर त्याच संदेशातली उतरंड आपोआप कोसळते. ज्या जागांना बीए चालतं, तिथे जेडीत लिहिलेलं असतं 'एनी ग्रॅज्युएट', आणि मग पाहिलं जातं ते वेगळंच: केटी (नापास झालेले पेपर) राहिल्या आहेत का, इंग्रजी मेल नीट लिहिता येतो का, एक्सेल किती येतं, कुठे इंटर्नशिप केली, मराठी आणि हिंदीत ग्राहकाशी बोलता येईल का.

कंपन्यांबाहेरही चित्र तेच आहे. स्टेट बँकेची आणि इतर सरकारी बँकांसाठी आयबीपीएसची पीओ (बँक अधिकारी) परीक्षा, रिझर्व्ह बँकेची ग्रेड बी सर्वसाधारण परीक्षा, यूपीएससी, एमपीएससीची राज्यसेवा, या सगळ्यांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. बँकांच्या क्लार्क भरतीत तर स्थानिक भाषा यावी लागते, म्हणजे महाराष्ट्रातल्या जागेसाठी मराठी. तीन वर्षांचं एलएलबी कुठल्याही पदवीनंतर करता येतं. सीएच्या थेट प्रवेशासाठी कॉमर्सच्या पदवीधराला ५५ टक्के लागतात, इतर शाखांच्या पदवीधराला ६०. पाच टक्के जास्त, पण दार बंद नाही.

आता सायकॉलॉजी. या विषयाबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण त्याच्या नावावर पालकांना सर्वांत मोठी खात्री दिली जाते. सायकॉलॉजी मुख्य विषय मिळावा म्हणून मुली घाटकोपरहून, ठाण्याहून कॉलेजांच्या याद्या पालथ्या घालतात. मिळाला की घरच्यांना वाटतं, मुलगी आता समुपदेशक होणार. ती होऊ शकते, पण बीएवर नाही. शाळेतल्या समुपदेशकाच्या जागेसाठी साधारणपणे एमए मागतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्यता दिलेलं पदव्युत्तर प्रशिक्षण आणि नोंदणी हवी. परिषदेचा कायदा १९९२ चा आहे आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोण, याची व्याख्या आहे. नुसतं बीए झालेल्या मुलीला पहिल्या वर्षी जे मिळतं ते म्हणजे एचआरमध्ये रिक्रूटमेंट को-ऑर्डिनेटर, शाळेत शॅडो टीचर (विशेष गरजा असलेल्या एका मुलासोबत वर्गात बसणारी मदतनीस), एखाद्या संस्थेत प्रकल्प सहायक, मार्केट रिसर्चच्या कंपनीत ट्रेनी. कामं चांगली आहेत. फक्त या जागांसाठी समाजशास्त्राची मुलगीही त्याच रांगेत असते आणि आम्ही दोघींना सारखेच प्रश्न विचारतो. मनाचा अभ्यास आवडत असेल तर सायकॉलॉजी जरूर घ्यावं, मात्र पाच-सात वर्षांच्या शिक्षणाची तयारी ठेवून. 'लगेच नोकरी' म्हणून घेतलेल्या मुलीला तिसऱ्या वर्षी जो धक्का बसतो, तो मी समोर बसून पाहिला आहे आणि त्यात तिची काही चूक नसते.

इकॉनॉमिक्सचं तसंच, जरा कमी. बीकेसीतल्या ॲनालिस्टच्या जागेला कंपनी आकडेमोड, संख्याशास्त्र, एक्सेल मागते. गणित टाळून केलेलं बीए इकॉनॉमिक्स तिथे बीएएफच्या (अकाउंटिंग-फायनान्सची पदवी) आणि इंजिनिअरिंगच्या मुलांपुढे कमी पडतं. भारतीय आर्थिक सेवेसाठी पदव्युत्तर पदवी लागते. गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला इंजिनिअर झालेली मुलंही बसलेली असतात. गणितासह केलेलं इकॉनॉमिक्स कंपन्यांना नक्की हवं असतं. विषयाच्या नावापेक्षा गणित हा तिथला खरा प्रश्न आहे.

मग 'तळाचे' विषय. मराठी घेतलं की फक्त मास्तरकी, असं तो संदेश हेटाळणीने म्हणतो. पहिली गोष्ट, शिक्षकी हे काम आहे आणि त्याला माणसं लागतात. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली, म्हणजे मुंबईतल्या आयसीएसई, सीबीएसई शाळांनाही मराठीचे शिक्षक ठेवावे लागतात. बीएड आणि टीईटीची (शिक्षक पात्रता परीक्षा) पायरी आहे, ती चढावीच लागते. शिवाय शहरातल्या जाहिरात कंपन्या, डबिंग आणि सबटायटलचे स्टुडिओ, बँकांची आणि विम्याची ॲप, उच्च न्यायालयातले आणि शासनाचे अनुवादक, इथे मराठी लिहिणारा माणूस लागतो. मार्केट रिसर्चमध्ये नाशिक-कोल्हापूरच्या घरांत बसून दोन तास गप्पा मारून त्यातून अहवाल लिहिणारा मॉडरेटर हवा असतो, आणि असा माणूस शोधताना माझी दमछाक होते. दमछाक होते ती मराठी घेतलेली मुलं नाहीत म्हणून नव्हे. गाइड आणि झेरॉक्स नोट्स पाठ करून पास झाल्यामुळे स्वतःचं एक पान न लिहिलेली मुलं पुष्कळ आहेत म्हणून. हा दोष विषयाचा नाही, शिकवण्याचा आणि शिकण्याचा आहे, आणि तो सायकॉलॉजीच्या वर्गातही तितकाच आहे.

इतिहासाबद्दल एकच गोष्ट सांगते. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी राज्यभर जुन्या कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं, तेव्हा त्यातल्या कित्येक नोंदी जुन्या मोडी लिपीत होत्या आणि मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. जमिनीच्या दाव्यांतही मोडी कागद येतातच. विक्रोळीत गोदरेजसारख्या उद्योगसमूहाने स्वतःचं अभिलेखागार उभं केलं आहे, फोर्टात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. या जागा मोजक्या आहेत, हजारो मुलांना त्या पुरणार नाहीत. पण तीन वर्षं वाया म्हणणाऱ्याला एवढं उत्तर पुरे. तत्त्वज्ञानाला थेट मागणी शिकवण्याबाहेर जवळपास नाही. त्या मुलांसाठी 'एनी ग्रॅज्युएट'चं दार आहे, आणि तर्कशास्त्र मन लावून शिकलेला मुलगा मुलाखतीत ओळखू येतो.

एआयने शब्दामागे पैसे मिळणारं साधं भाषांतराचं काम कमी केलं, हे मला दिसतं. मात्र त्याचा फटका साध्या कोडिंगला आणि डेटा एंट्रीलाही बसतो आहे, एकट्या मराठीला नाही. यंत्राने दिलेला मजकूर ग्राहकाला पाठवण्याआधी तपासायला भाषा पक्की असलेला माणूस ठेवावाच लागतो.

या संदेशात एक गोष्ट कोणी लिहीत नाही, आणि ती खरी अडचण आहे. मोजकी नामांकित कॉलेजं सोडली तर आर्ट्सच्या मुलांसाठी कॅम्पसमध्ये कंपन्या येत नाहीत. पहिली नोकरी मुलाला स्वतः शोधावी लागते, तिचा पगार कमी असतो, आणि घरात भाडं-हप्ते असतील तर तो काळ जड जातो. (मोठ्या आयटी कंपन्यांचं फ्रेशरचं पॅकेजही गेलं दशकभर साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळलं आहे, हेही पालकांनी लक्षात घ्यावं.) दक्षिण मुंबईतल्या कॉलेजातला बीए आणि कल्याणच्या कॉलेजातला बीए यांच्यात कंपनी फरक करते. तो विषयाचा नसतो, इंग्रजीचा आणि ओळखीचा असतो. हा अन्याय आहे आणि मी तो भरतीच्या बैठकीत मांडत आले आहे.

राहिली ती शेवटची ओळ. डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडून येणाऱ्या, आपल्या पगारावर धाकट्या भावाची फी भरणाऱ्या मुली माझ्यासमोर बसतात. त्यांच्या पदवीला 'चालेल' म्हणून सोडून देणं चूक आहे. आणि ज्या मुलाला इतिहास हवा होता पण मुलगा म्हणून मिळाला नाही, त्याचं नुकसानही तितकंच खरं आहे.

प्रवेश घ्यायच्या आधी कॉलेजच्या ऑफिसात काही गोष्टी विचाराव्यात. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मेजरसोबत (मुख्य विषय) मायनर (दुय्यम विषय) घेता येतो, तर मराठीबरोबर किंवा इतिहासाबरोबर इथे काय काय देता? ऑन जॉब ट्रेनिंगला आणि फील्ड प्रोजेक्टला आता श्रेयांक आहेत, तर गेल्या वर्षीची मुलं नेमकी कुठे गेली होती? त्या ठिकाणांची नावं मागा. नावं सांगता येत नसतील तर पुढच्या कॉलेजात जाऊन हाच प्रश्न विचारा.