कूलरची चप्पल

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात कूलरला स्वतःची चप्पल होती. म्हणजे कूलर ती घालत नसे, त्याला हात लावणाऱ्यानं घालायची. निळ्या पट्ट्यांची रबरी स्लीपर, खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगलेली. पाहुण्याला पाणी देताना आई सांगून ठेवायची, "कूलर फिरवायचा असेल तर चप्पल घालून घ्या बरं का जी, थोडं झिणझिणतं ते." आमच्याकडे शॉकच्या तीन पायऱ्या होत्या: झिणझिण, झटका आणि 'बाबांना बोलवा'. पहिल्या दोन पायऱ्यांवर तक्रार केली, तर घरात नवीन आहात हे लोकांना कळायचं.

नागपूरचा कूलर ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पत्र्याचं एक कपाट, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आत पंखा, तळाशी पाणी आणि त्या पाण्यात बुडवलेला विजेचा पंप. लोखंड, पाणी आणि २३० व्होल्ट हे तिघं एका खोक्यात कोंबून खिडकीला लावायचे आणि त्यांच्यासमोर चटई टाकून झोपायचं. पारा ४५च्या वर गेला की यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नाही. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कुणीतरी गेल्याची बातमी यायची. बाबा ती मोठ्यानं वाचायचे, चष्मा काढायचे आणि म्हणायचे, "चप्पल घातली नसेल."

घर आजोबांनी बांधलेलं, १९६१ सालचं. वायरिंगही त्यांचंच. सागवानी पट्ट्या, त्यांवर पत्र्याच्या क्लिपांनी बसवलेल्या, कापड गुंडाळलेल्या रबरी वायरी आणि लाकडी गोल ठोकळ्यांवरची काळी बटणं. एका बटणाला खालून थापड मारल्याशिवाय दिवा लागायचा नाही. एक बटण कशाचं होतं हे आजोबांबरोबरच गेलं. ते दाबायची मात्र कुणाची हिंमत नव्हती.

फ्यूज बाबांच्या अखत्यारीत. तो सारखा उडतो म्हणून त्यांनी बारीक तारेऐवजी तांब्याची जाड तार तिहेरी पीळ देऊन बसवली होती. तेव्हापासून आमचा फ्यूज कधीच उडाला नाही आणि याचा त्यांना अभिमान होता. वितळता यावं एवढ्यासाठीच ती तार असते, हे त्यांना कोण सांगणार? एकदा फ्यूज शाबूत राहिला आणि भिंतीवरची वायर धुरावली, तेव्हा त्यांनी वायरीला दोष दिला.

यंदा घरात एसी आणायचं ठरलं. पॉइंट काढायला वायरमन आला. त्यानं पट्टीचं एक टोक उचकटलं, तसा वायरीवरचा रबर पापडासारखा कुरकुरून खाली सांडला. "दादा," तो म्हणाला, "एसीचं तं सोडाच, या घरात मी मेणबत्ती लावाले बी भेईन."

मग त्यानं टेस्टर फ्रिजच्या दांडीला लावला. टेस्टर लागला. कूलरची पिन काढली, टेस्टर विझला. पुन्हा पिन घातली, फ्रिज पुन्हा जिवंत. "फ्रिजचा काय गुन्हा?" आई कळवळली. तिनं त्या फ्रिजला आठ वर्षं शिव्या घातल्या होत्या.

वायरमननं अर्थिंगच्या वायरीचा माग काढला. स्वयंपाकघर, मोरी, मागचं अंगण करत ती नळाच्या पाइपाला बांधलेली सापडली. आजोबांच्या काळी तो पाइप लोखंडी होता, जमिनीत जायचा, काम भागायचं. आठ वर्षांपूर्वी आम्ही नळाची लाइन बदलून प्लास्टिकची केली. वायर मात्र उरलेल्या वीतभर लोखंडी तुकड्याला तशीच बांधलेली. "म्हणजे तुमचं अर्थिंग हवेत हाय काका," तो बाबांना म्हणाला. "कूलरमधून निंघालेला करंट जमिनीत जाऊ नाही शकत, म्हून तो समद्याइच्या घरी पावना जाते." बाबा बराच वेळ त्या पाइपाकडे पाहत उभे राहिले. तो प्लास्टिकचा पाइप 'जन्मात गंजणार नाही' असं म्हणत त्यांनीच बर्डीच्या बाजारातून आणला होता.

पुढचे बारा दिवस धूळ. भिंतीला कटर लागला की विटेआधी माती यायची, मातीमागून एक जुना खिळा आणि एकदा तर बिब्बाच. दिव्यांना दीड एमएमची वायर, प्लगांना अडीच, एसीला चार. हे आकडे मला आता मुलीच्या जन्मतारखेपेक्षा पक्के पाठ आहेत. एसीचे पैसे मात्र भिंतीतच गेले.

अंगणात खड्डा खणून अडीच मीटरचा पाइप पुरला, भोवती कोळसा आणि मीठ, कोळसा आणि मीठ. आई वर उभी राहून पाहत होती. "इतकं मीठ मी वर्षाच्या लोणच्याला नाही घालत," ती म्हणाली. उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत जा, असं सांगितल्यामुळे ती आता तुळशीला एक तांब्या आणि अर्थिंगला एक तांब्या घालते. तुळशीला आधी.

शेवटी मीटरशेजारी आरसीसीबी नावाचा खटका बसला. एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागचा खटका, वायर वाचवतो, हा माणूस वाचवतो, असं वायरमननं समजावलं. गेलेला करंट पुरता परत येतो का हे तो बघत असतो. तीस मिलिअँपिअरचा हिशेब लागला नाही की पातं लवायच्या आत घर बंद.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ भाजून काढणारे दिवस, लागला. दुपारी दोनला कूलर लावला. खट्. घर बंद. पुन्हा लावला. खट्. चौथ्या वेळी बाबांचा बांध फुटला. "साठ वर्षं वायरिंगला काही झालं नाही, अन् हे नवं पाच मिनिटं चालत नाही!" शेजारचे काका बनियनवर सल्ला द्यायला आले: कूलरच्या प्लगची तिसरी पिन कापून टाका, त्यांनी स्वतःच्या घरातल्या सगळ्या कापल्या आहेत. मीही घामानं इतका निथळत होतो की वायरमनला फोन करून 'तो खट् वाला तेवढा काढून टाक' म्हणालो. "काढतो नं," तो म्हणाला, "पण मंग चप्पल फेकू नका."

संध्याकाळी येऊन त्यानं टाकीतून पंप उचलला. वायरीचं आवरण जागोजागी तडकलेलं, बुडाला शेवाळ. साडेतीनशे रुपयांचा पंप. तो बदलला, कूलर लावला. खट् नाही. बाबांनी अनवाणी पुढे होऊन पत्र्यावर तळहात ठेवला. काहीच झालं नाही. ते जरा हिरमुसलेच.

आरसीसीबीवर एक छोटं टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून पाहायचं, घर बंद झालं तर तो शाबूत. ही जबाबदारी आईनं घेतली आहे. दर एक तारखेला बाबांच्या बातम्या ऐन रंगात आल्या की ती खिळ्यावरची निळी चप्पल काढते, दोन्ही पायांत घालते, हातात लाटणं घेते आणि लांबूनच बटण दाबते. खट्. अंधारातून बाबांचा आवाज येतो. आई "आहे, चालू आहे" म्हणते, खटका वर करते आणि चप्पल परत खिळ्याला लावते.