सुभेदारांचे पुनर्वसन

सोलापूरजवळच्या मंद्रूपच्या पुढे आमची अकरा एकर काळी जमीन आहे. एक दमदार पाऊस झाला की त्या रानात रुतलेली गाडी काढायला ट्रॅक्टर आणि तो ट्रॅक्टर काढायला दुसरा ट्रॅक्टर लागतो, हे पंधरा वर्षे सोसल्यावर मी लष्कराच्या लिलावातून निघालेला एक निसान वन-टन ट्रक विकत घेतला. जबलपूरच्या वाहन कारखान्यात जपानी परवान्यावर तयार झालेला हा गडी म्हणजे जोंगा या लष्करी जीपचा थोरला भाऊ. इंजिनही तेच, सहा सिलिंडरचे, ३९५६ सीसीचे आणि दुर्दैवाने पेट्रोलचे. तो दारात उभा राहिला त्या दिवशी सौभाग्यवतींनी त्याला खालून वर एकदा न्याहाळले आणि त्याचे नाव ‘सुभेदार’ ठेवले. तेव्हापासून आमच्या घरातले आदरार्थी बहुवचन त्याच्याकडे गेले आहे.

लष्करी वाहनांची नोंदणी आरटीओकडे नसते. मोटार वाहन कायद्याच्या ६० व्या कलमाखाली ती लष्कराच्या दप्तरी होते आणि वर तोंड केलेला बाण असलेला क्रमांक त्यांना मिळतो. देशरक्षणाचे काम संपले, की त्याच वाहनाने सामान्य माणसासारखे ३९ व्या आणि ४० व्या कलमांच्या रांगेत उभे राहायचे असते. म्हणजे ज्या ट्रकाची उभी हयात नोकरीत गेली होती, तो सोलापुरात आला तेव्हा कायद्याच्या नजरेत अजून जन्मलाच नव्हता.

जन्माच्या दाखल्यासाठी चेसिस क्रमांकाचा पेन्सिलछाप हवा होता. कोऱ्या कागदाची पट्टी क्रमांकावर धरून वरून पेन्सिल घासायची, इतके ते सोपे काम. पण क्रमांक सापडला तर. लष्करात जे हलते त्याला सलाम आणि जे हलत नाही त्याला रंग, असा प्रघात असावा, कारण चेसिसवर रंगाचे इतके थर चढले होते की आमच्या मिस्तरींनी रॉकेलचा बोळा, पॉलिश पेपर आणि अखेरीस बटर नाईफ (माझ्याच स्वयंपाकघरातली) वापरून दोन दुपारी उत्खनन केले. पहिला आकडा दिसला तेव्हा ते गाडीखालूनच ओरडले, “मालक, तीन आहे! नाहीतर आठ.” तो आठ निघाला, हे तिसऱ्या दिवशी कळले.

मग रंगाचा प्रश्न आला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ वा नियम सांगतो की संरक्षण खात्याखेरीज कोणाच्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. नियम रास्त आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. फक्त सुभेदारांचे बॉनेट, दरवाजे, आसनांचे पाय आणि पान्ह्यांची पेटीसुद्धा त्याच रंगाची होती. दुकानदाराच्या सल्ल्याने मी फिकट बदामी रंग निवडला, आणि तो चढवल्यावर सुभेदार लग्नातल्या सफारीत अवघडलेल्या वऱ्हाडी काकांसारखे दिसू लागले.

क्रमांक मिळाला, एमएच-१३ ची पाटी लागली, तरी लोकांच्या शंका फिटेनात. एका नाक्यावर हवालदारांनी ट्रकाकडे, मग माझ्या लायसन्सकडे पाहिले आणि म्हणाले, “साहेब, हे तर कारचं लायसन्स आहे.” साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहनही हलक्याच वाहनात मोडते आणि त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले आहे. मी निकालाची प्रत डॅशबोर्डात ठेवतोच. त्यांनी ती वाचली, परत दिली आणि अत्यंत कळवळ्याने विचारले, “ॲव्हरेज काय देते?” चार, असे मी सांगितल्यावर त्यांनी मला दंडाविना सोडले. वेगमर्यादकाची गोष्ट तर बोलूच नये. मालवाहू गाडी ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ नये म्हणून ते यंत्र असते; सुभेदारांना ८० पर्यंत नेणारे यंत्र कोणी बसवून देत असेल, तर मला कळवावे.

खरा छळ मे महिन्यात सुरू होतो. सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, इंजिनाच्या झळीने पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती वाफ ओढत बसतो. एकदा सात रस्त्यावर भर दुपारी सुभेदार असेच थबकले. मागे हॉर्नचा गजर सुरू होता. मिस्तरींना फोन लावला. ते म्हणाले, “टॉवेल हाय का मालक? ओला करा आन् पंपाला गुंडाळा.” सोलापूरकराच्या गाडीत टॉवेल नसेल असे कसे होईल? चहाच्या टपरीवरून तांब्याभर पाणी आणले, टॉवेल भिजवला, पंपाला घट्ट गुंडाळला आणि कपाळावर पट्टी ठेवलेल्या रुग्णाजवळ बसावे तसा दहा मिनिटे बॉनेट उघडून उभा राहिलो. टॉवेलातून वाफ निघाली, सुभेदार दोनदा खोकले आणि चालू झाले. तेव्हापासून माझ्या घरी दोन टॉवेल पेट्रोलच्या वासाचे आहेत आणि ते कोणी चुकूनही पुसायला घेत नाही.

जुन्या मालवाहू गाडीला फिटनेसचा दाखला दरवर्षी लागतो. यंदा त्याची तारीख नेमकी मेमध्ये आली आहे, आणि उन्हाने बॉनेटवरचा बदामी रंग पोपडे धरून निघतो आहे. खालून हिरवा डोकावतो. काल संध्याकाळी मी अर्धा लिटरचा डबा आणि दीड इंची ब्रश घेऊन स्टुलावर चढलो होतो. सौभाग्यवती दारातून म्हणाल्या, “अहो, डावा कानही हिरवा दिसतोय त्यांचा.” आरशाची मागची बाजू राहिलीच होती.