संशय मोबाईलच्या आधीचा आहे

राईनपाड्याच्या हत्याकांडावरील एका लेखात त्याचा दोष सर्वस्वी व्हॉट्सअ‍ॅपवरील अफवांना दिला आहे, ते अपुरे वाटते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील त्या गावी भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून ठार मारण्यात आले. पण अफवा गावातल्या इतर सर्वांना सोडून नेमकी भिक्षेकऱ्यांनाच का चिकटली, हा प्रश्न लेखात येतच नाही. ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ मध्ये देशभर रद्द झाला, तरी पालावरच्या, म्हणजे तंबूत राहणाऱ्या भटक्या माणसाकडे संशयाने पाहण्याची सवय गेली नाही.

नाशिकमध्ये आमच्या कॉलनीलगतच्या मोकळ्या भूखंडावर पाले पडली, की सोसायटीच्या ग्रुपवर भगव्या कफनीतल्या कुणाचा तरी पाठमोरा फोटो आणि खाली ‘सावध राहा’ एवढेच येते, आणि एखादी सायकल हरवली तर पहिली चौकशी पालावरच होते. (चौकशीला जाणारे सगळे शिकलेले असतात.) फॉरवर्डवर मर्यादा घालणे सोपे आहे, पण ज्यांचे गावच फिरते, त्यांच्याकडे जातीच्या दाखल्यासाठी १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागणे थांबवायचे कसे, यावर लेखकाने लिहायला हवे होते.