पहिलं बरं की दुसरं?

कोकणी माणसाला मत विचारलं आणि तो "दोन्ही सारखंच" म्हणाला, असं सहसा घडत नाही. तिकलं (माशांचं तिखट कालवण) असो वा भजनाची बारी, डावं-उजवं करायलाच हवं. आणि आमचं चष्म्याचा नंबर काढायचं काम नेमकं त्या दोन शब्दांवर अडतं.

अक्षरांचा बोर्ड ६ मीटरवर हवा. सावंतवाडीच्या बाजारातल्या गाळ्यात एवढी लांबी कुठली? म्हणून ३ मीटरवर आरसा आणि डोक्यामागे उलट्या अक्षरांचा बोर्ड. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की परीक्षेलाच बसतं. डोळे बारीक करतं. फटीतून बाजूचे विखुरलेले किरण अडतात, एखाद-दोन ओळी जास्त वाचता येतात. मार्क वाढतात, नंबर चुकतो.

मग लाल-हिरवी पाटी. लाल भागातली अक्षरं ठळक दिसली तर मायनस थोडा कमी पडलाय, हिरव्यातली दिसली तर जास्त झालाय. विचारलेलं असतं अक्षरांबद्दल. उत्तर येतं, "माका हिरवो रंग बरो वाटता."

खरी कसोटी सिलिंडर नंबरची, म्हणजे डोळ्याची गोलाई सगळीकडे सारखी नसली की लागणाऱ्या नंबरची. दांडीचं भिंग डोळ्यासमोर धरून गर्रकन उलटायचं: पहिलं बरं की दुसरं? दोन्ही थोडी पुसट दिसणारच, तशीच ती असतात. "दोन्ही तितकीच वायट" हे उत्तर ऐकायला आम्ही आतुर असतो, कारण ते आलं की ॲक्सिस, म्हणजे सिलिंडर बसवायचा कोन, सापडला. पण आपण नापास होतोय या धास्तीने माणूस ठोकून देतो, "दुसरा!" सिलिंडर मोठा असेल आणि ॲक्सिस १० अंशांनी हलला, तर घरी ओटीची लादी तिरकी दिसते आणि चष्मेवाल्याचा उद्धार होतो.

तरण्या पोरांची गोष्ट उलटी. त्यांना मायनस वाढवत न्या, अक्षरं बारीक नि काळीभोर दिसतात, "मस्त" म्हणतात. संध्याकाळी डोकं धरतात. पाव नंबर वाढवल्यावर एखादं अक्षर जास्त वाचता आलं पाहिजे, नुसतं "मस्त" चालत नाही.

मधुमेह असेल तर साखर ताब्यात येईपर्यंत थांबा. साखर हलली की डोळ्यातल्या भिंगात पाण्याचं प्रमाण बदलतं आणि नंबरही हलतो.

चाळिशीत मात्र आधी काम सांगा. पेपर ४० सेंटिमीटरवर धरतात. जाळं शिवणारा त्याहून लांब धरतो, त्याला जवळचा नंबर कमी लागतो. जाळ्याचा तुकडा नि सुई घेऊन या, खुशाल. पेडवे माशांचे काटे घरीच तपासा.