जिमी स्वॅगर्ट तुरुंगातही गेले नाहीत आणि 1988 मध्ये संपलेही नाहीत

अमेरिकेतले पेंटेकोस्टल या ख्रिस्ती परंपरेचे टीव्ही-उपदेशक जिमी स्वॅगर्ट यांच्याबद्दल एक मजकूर सर्रास फिरतो: देणग्यांचे पैसे लाटले म्हणून तुरुंगात गेले, वेश्येच्या प्रकरणात पंथाने हाकललं, 1988 मध्ये सगळा खेळ खलास. वाचायला बरं वाटतं, पण ते खरं नाही.

तुरुंगात गेले ते जिम बेकर, दुसरे एक टीव्ही-उपदेशक. देणगीदारांच्या फसवणुकीबद्दल 1989 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटच्या न्यायालयाने त्यांना 45 वर्षांची शिक्षा सुनावली. ती पुढे कमी झाली आणि 1994 मध्ये ते सुटले. बेकर यांचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा त्यांच्यावर टीव्हीवरून तुटून पडणाऱ्यांत स्वॅगर्ट आघाडीवर होते, हे लक्षात घेतलं तर ही गल्लत आणखीच खटकते. पैशांवरून स्वॅगर्ट यांच्या संस्थेचाही वाद झाला, पण तो कॅलिफोर्नियात विकलेल्या बायबल आणि रेकॉर्डवरच्या विक्रीकराचा. तो खटला संस्था 1990 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हरली, निकाल एकमताचा होता.

'पंथाने हाकललं' हे अर्धसत्य आहे, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो, कारण खरी गोष्ट त्यात झाकली जाते. न्यू ऑर्लीन्सचे पास्टर मार्विन गॉर्मन यांच्या विवाहबाह्य संबंधांचा बोभाटा स्वॅगर्ट यांनी 1986 मध्ये केला. पुढे गॉर्मन यांनीच मोटेलबाहेरचे स्वॅगर्ट यांचे वेश्येसोबतचे फोटो मिळवून पंथाच्या वरिष्ठांपुढे ठेवले. 21 फेब्रुवारी 1988 रोजी बॅटन रूजमध्ये स्वॅगर्ट यांनी रडत रडत पापाची कबुली दिली. पाप कोणतं, ते मात्र सांगितलं नाही. लुइझियानातल्या प्रांतिक मंडळाने तीन महिने व्यासपीठापासून दूर राहायला सांगितलं होतं. असेम्ब्लीज ऑफ गॉड या त्यांच्या पंथाच्या राष्ट्रीय नेतृत्वाने ती मुदत वर्षाची केली. स्वॅगर्ट यांनी ते धुडकावलं, म्हणून एप्रिलमध्ये त्यांची दीक्षा रद्द झाली. म्हणजे हकालपट्टी पापासाठी नव्हती, शिस्त नाकारल्यासाठी होती. वर्षभर गप्प बसले असते, तर परतीची वाट उघडी होती. तेवढी वाट न बघता ते मे महिन्यात पुन्हा उपदेशाला उभे राहिले.

आता 'खेळ खलास'. प्रेक्षक आणि देणग्या धडाधड कमी झाल्या. 1991 मध्ये कॅलिफोर्नियातल्या इंडिओमध्ये पोलिसांनी त्यांची गाडी अडवली, तेव्हा पुन्हा सोबत वेश्या होती. त्याच वर्षी गॉर्मन यांच्या बदनामीबद्दल ज्यूरीने 1 कोटी डॉलरची भरपाई ठरवली (नंतर तडजोड बरीच कमी रकमेवर झाली). एवढं होऊनही ते टिकले, कारण चर्च, बायबल कॉलेज, स्टुडिओ सगळं त्यांच्याच संस्थेचं होतं. त्यांना खाली उतरवू शकेल असं बाहेरचं कुणी उरलंच नव्हतं. शिवाय गळा होता, पियानो होता. रॉक अँड रोल गायक जेरी ली लुईस यांचा हा मावसभाऊ गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं, गाऊ लागला की टीका करणारेही ऐकत बसत. 2010 च्या सुमारास संस्थेचं सनलाइफ हे 24 तासांचं चॅनेल उभं राहिलं. 1 जुलै 2025 रोजी नव्वदाव्या वर्षी ते वारले, तोवर मुलगा डॉनी आणि नातू गॅब्रिएल त्याच चर्चमध्ये उपदेश करू लागले होते.