आधी बॅरलचा भाव विचारा

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात, विलिस्टन या तेलाच्या गावी नोकरी लागली? अभिनंदन. आता गावाचे फोटो बघत बसू नका, ते सगळे जुलैत काढलेले असतात. त्यापेक्षा कच्च्या तेलाचा आजचा भाव बघा. बॅरलला शंभर डॉलर असेल तर देवाला आणि घरमालकाला सारख्याच भक्तिभावाने हात जोडा. तिशीच्या खाली असेल तर घरमालक तुम्हाला हात जोडील. फक्त तोवर तुमची नोकरी जागेवर आहे ना, तेवढी खात्री करून घ्या.

जागेची चिंता नको. जागा अमाप आहे. गावाबाहेर पडलं की क्षितिजापर्यंत गवत, गहू आणि दिवसरात्र माना डोलावणारे पंप. नजर अडवायला एक झाड नाही. फक्त तेलाच्या तेजीत तुम्हाला पथारी पसरण्यापुरती जागा मिळायची नाही. 2010 च्या जनगणनेत इथे 14,716 माणसं होती, 2020 मध्ये 29,160. मधल्या काळात जे वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये पिकअपच्या सीटवर पाय दुमडून झोपले, त्यांची मोजदाद कोण करतो! त्यातल्या नशीबवानांना 'मॅन कॅम्प' मिळायचे, म्हणजे ओळीने मांडलेल्या डब्यांतल्या खोल्या. नावात 'मॅन' आहे, यावरून तिथल्या स्वच्छतेची कल्पना करा.

2014 च्या सुरुवातीला एक पाहणी झाली. 700 चौरस फुटांच्या, एका बेडरूमच्या फ्लॅटचं विलिस्टनमधलं सरासरी भाडं निघालं महिना 2,394 डॉलर. न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोहून जास्त! यावर कुरकुर करू नये. न्यूयॉर्कमध्ये खिडकीतून काय दिसतं? समोरची इमारत. इथे दिसतात गॅसच्या ज्वाळा. तेलाबरोबर वर येणारा गॅस वाहून न्यायला पुरेशा पाइपलाइनी नव्हत्या, म्हणून तो तिथल्या तिथे पेटवून द्यायचे. रात्री आभाळ केशरी. बारा महिने दिवाळी. फराळाचं तेवढं तुमचं तुम्ही बघा.

मी त्याच हिवाळ्यात येऊन थडकलो. तिघांनी मिळून एक फ्लॅट घेतला. पलंग दोन होते, पण दोन आठवडे रिगवर, म्हणजे तेलाच्या विहिरीवर, आणि एक आठवडा घरी अशी पाळी असल्यामुळे अडचण आली नाही. एक उठून निघाला की दुसरा त्याच्या ऊबदार गादीवर आडवा व्हायचा. थर्मोस्टॅटवर मालकाने प्लास्टिकची पेटी बसवून कुलूप घातलं होतं, तेव्हा ही ऊबही भाड्यात धरायला हरकत नव्हती. खाली कपडे धुण्याच्या खोलीत पाटी होती: 'तेलकट कपडे मशीनमध्ये टाकू नयेत.' अख्ख्या गावाचं पोट तेलावर, आणि पाटी ही! आम्ही रिगवरचे डिझेलचा वास मारणारे कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून रात्री दोन वाजता चोरासारखे खाली न्यायचो. तुम्हीही तसंच करा. दोन वाजता गर्दी असते, म्हणून दीडला जा.

हिवाळ्याबद्दल लोक उगाच घाबरवतात. उणे तीसच तर असतं. इथल्या गाड्यांच्या नाकातून प्लगची वायर लोंबताना दिसेल, हसू नका. इंजिन गरम राहावं म्हणून रात्री गाडी विजेला जोडतात. फ्लॅट बघायला जाल तेव्हा स्वयंपाकघर नंतर बघा, पार्किंगमध्ये तुमच्या वाट्याला प्लग आहे का ते आधी बघा. आणि आईने दिलेली खोबरेल तेलाची बाटली कुठे ठेवावी यावर डोकं शिणवू नका. या तेलाच्या गावात तुमचं स्वतःचं तेल सहा महिने दगड होऊन बसणार आहे.

कायदा मात्र भाडेकरूच्या बाजूने आहे हो. साधारणपणे एका महिन्याच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट मागता येत नाही, आणि काही कापून घ्यायचं तर 30 दिवसांत हिशेब लेखी द्यावा लागतो. मुंबई-पुण्याच्या माणसाच्या डोळ्यांत पाणीच येईल. पण भाडं किती वाढवावं यावर मर्यादा नाही. गावाने ठरवलं तरी घालता येत नाही, राज्याच्या कायद्यानेच मनाई आहे. म्हणजे दार भक्कम, भिंत गायब. माझा लेखी हिशेब अगदी वेळेत आला. गालिच्यावरचा काळा डाग, 180 डॉलर. त्या डागाला मी चांगला ओळखत होतो. मी राहायला आलो तेव्हा तोच दारात स्वागताला होता. पहिल्या दिवशी सामान आत न्यायच्या आधी डागांचे फोटो काढा, कुटुंबाचे नंतर.

मग 2014 च्या उत्तरार्धात भाव घसरायला लागला आणि 2016 च्या सुरुवातीला तिशीच्या खाली गेला. माणसं रातोरात ट्रेलर जोडून निघून गेली. तेजीत बांधायला घेतलेल्या इमारती नेमक्या तेव्हा तयार होत होत्या. काय सांगू, घरमालकांचे स्वभाव कसे सुधारले! पहिला महिना फुकट. कुत्रा आहे? आणा की! माझ्या नव्या मालकाने तर थर्मोस्टॅटचं कुलूप माझ्यासमोर काढलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली, साखरपुड्याची अंगठी द्यावी तशी. घर घ्यायचं तर अशाच वेळी. त्या वर्षी आमच्या कंपनीत ज्यांची नोकरी उरली होती, त्या सगळ्यांनी घेतलं. दोघांनीही.

20 एप्रिल 2020 ला तेलाचा वायदा उणे 37.63 डॉलरवर बंद झाला, म्हणजे विकणाराच पदरचे पैसे देऊन तेल उचला म्हणत होता. मी लगेच घरमालकाला फोन लावला. म्हटलं, भाव वर गेला की भाडं वर जातं, आता भाव शून्याखाली आहे, तर महिन्याला मला किती पाठवणार? पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी शांतपणे एक तारखेची आठवण करून दिली.

तुम्हीही विचारून बघा. फक्त आधी भाडेकराराच्या नूतनीकरणावर त्यांची सही घेऊन ठेवा.